कोळशावर औषध किती चिकटतं? पीएच, पृष्ठभाग आणि तापमानाचा प्रयोग पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी प्रोजेक्ट घेतला होता, पॅरासिटामॉल ॲक्टिव्हेटेड कार्बनवर (म्हणजे बारीक छिद्रं पाडलेल्या कोळशावर) किती चिकटतं आणि कार्बनचा पृष्ठभाग बदलला किंवा तापमान बदललं की त्यात काय फरक पडतो. ऐकायला सोपं वाटतं, कोळसा टाकायचा, हलवायचं, गाळायचं, यूव्हीवर रीडिंग घ्यायचं, झालं. पण पहिल्या चार महिन्यांची जवळजवळ सगळी रीडिंग मला बाजूला ठेवावी लागली. तापमानाचा परिणाम म्हणून मी जे लिहीत होतो तो तापमानाचा नव्हता, आणि पृष्ठभागाचा परिणाम म्हणून जे लिहीत होतो त्यातला बराचसा पीएचचा होता. हे कुणी सुरुवातीला शेजारी बसून सांगितलं असतं तर माझं अर्धं वर्ष वाचलं असतं, म्हणून तुमच्यासाठी क्रमाने लिहून काढतोय. एम.फार्म., एम.एस्सी. केमिस्ट्री किंवा एन्व्हायर्नमेंटल सायन्स, कुणीही असा, पायऱ्या त्याच आहेत.

या विषयाचा उपयोग कुठे होतो तेही सांगतो, कारण त्यावरच तुमचा पीएच आणि तापमान ठरणार आहे. एक म्हणजे हॉस्पिटल, विषबाधेत मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम ॲक्टिव्हेटेड चारकोल पाण्यात कालवून देतात, आणि तो औषध घेतल्यापासून तासाभरात दिला तर जास्त उपयोगी पडतो. तिथलं तापमान ३७ अंश आणि जठरातला पीएच १ ते २ च्या आसपास. (घरी कुणी गोळ्या जास्त खाल्ल्या तर कोळसा शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, पॅरासिटामॉलवर एन-ॲसिटिलसिस्टीन हा खरा उतारा तिथेच मिळतो.) दुसरी जागा म्हणजे कारखान्याचं सांडपाणी. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला औषध कंपन्यांचं पाणी ज्या शुद्धीकरण केंद्रात येतं तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं, २००७ साली ते छापून आलं. तिथे पीएच ७-८ आणि तापमान ऋतूप्रमाणे. तुमचा प्रयोग यातल्या कोणत्या जागेसाठी आहे ते पहिल्याच दिवशी वहीत लिहा.

१. औषध निवडा आणि त्याचा पीकेए टेबलासमोर लिहून चिकटवा

पीकेए म्हणजे ज्या पीएचला अर्ध्या रेणूंनी हायड्रोजन आयन सोडलेला असतो तो आकडा. खरंच चिकटवा, कारण पुढचं निम्मं गणित त्या एका आकड्यावर चालतं. पॅरासिटामॉलचा पीकेए साधारण ९.५, म्हणजे पीएच ७ पर्यंत ते जवळजवळ सगळं विनाभार रेणूच्या रूपात असतं, ९.५ ला अर्धं ऋणभारित होतं आणि ११ ला ९७ टक्के. डायक्लोफिनॅकचा पीकेए ४.२ च्या आसपास, म्हणजे साध्या पाण्यातच ते जवळपास पूर्ण ऋणभारित असतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दोन पीकेए आहेत, ६ च्या आणि ८.७ च्या आसपास, मधल्या पट्ट्यात एकाच रेणूवर दोन्ही भार.

पहिल्यांदा करत असाल तर पॅरासिटामॉलच घ्या असं माझं ठाम मत आहे. पाण्यात लिटरला १४ ग्रॅमच्या आसपास विरघळतं, यूव्हीत २४३ नॅनोमीटरला स्वच्छ शिखर देतं, आणि पीएच २ ते ७ मध्ये त्याचा भार बदलत नाही, त्यामुळे त्या पट्ट्यात जो फरक दिसेल तो कोळशाच्या बाजूचा आहे हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. डायक्लोफिनॅकचा मोह मलाही झाला होता (जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडं मेली हे २००४ साली सिद्ध झालं आणि २००६ मध्ये आपल्याकडे त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, त्यामुळे विषय मनाला लागतो), पण त्यात एक मोठा खड्डा आहे. पीएच ४ च्या खाली नेलं की ते आम्लाच्या रूपात येतं, पाण्यात नीट विरघळत नाही, पांढरं खाली बसतं, आणि तुम्ही गाळलं की फिल्टरवर अडकतं. कागदावर दिसतं ९८ टक्के ॲडसॉर्प्शन आणि प्रत्यक्षात कोळशाचा त्यात फारसा हातच नसतो.

मेडिकलमधून ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या आणून कुटून वापरू नका. स्टार्च आणि बाकीचा भरणाही कोळशावर जागा अडवतो. शुद्ध पावडर घ्या, विश्लेषण प्रमाणपत्रासकट.

२. सामान आणि कागद

- औषधाची शुद्ध पावडर, तिचं विश्लेषण प्रमाणपत्र, बॅच नंबर
- कोळसा, सोबत पुरवठादाराकडून आयोडीन नंबर (कोळसा किती आयोडीन शोषतो), ओलावा, राखेचं प्रमाण आणि मेश साइज (दाण्याचा आकार) लेखी. तोंडी सांगितलेलं धरू नका
- चार दशांशांचा तराजू, डेसिकेटर, ओव्हन
- तापमान धरून ठेवणारा वॉटर बाथ शेकर. साधा फिरता शेकर या कामाला चालत नाही
- घट्ट बुचाचे कोनिकल फ्लास्क, पाणी उडून जायला नको
- यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि क्वार्ट्झचे क्युव्हेट. काचेचे नकोत, २४३ ला काच प्रकाश अडवते
- पीएच मीटर, ४, ७ आणि १० च्या बफरसकट
- ०.४५ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर किंवा सेंट्रिफ्यूज
- दोन साधे थर्मामीटर. कशाला ते पुढे येईल
- नायट्रिक ॲसिड वापरणार असाल तर चालू अवस्थेतलं फ्यूम हूड आणि सरांची किंवा मॅडमची लेखी परवानगी
- टाकाऊ द्रावणासाठी वेगळ्या बाटल्या, लेबलसकट

फिल्टरची परीक्षा पहिल्याच दिवशी घ्या. १० मिलिग्रॅम प्रति लिटरचं द्रावण कोळशाशिवाय फिल्टरमधून सोडा आणि आधीचं-नंतरचं रीडिंग बघा. पॅरासिटामॉल नायलॉनवर थोडं चिकटतं, साध्या फिल्टर पेपरवरही. पहिले दोन-तीन मिली टाकून द्यायची सवय लावा.

३. कोळशाची ओळख करून घ्या, नुसती बीईटी पुरत नाही

चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅममध्ये साधारण १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे चिमूटभर पावडरीत सात-आठ मैदानं. पण त्या मैदानावर काय पेरलंय ते बीईटी (पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजणारी चाचणी) सांगत नाही, ती फक्त नायट्रोजन किती मावला ते मोजते, तेही उणे १९६ अंशाला.

कच्चा माल विचारा. नारळाच्या करवंटीचा कोळसा बहुतेक सूक्ष्म छिद्रांचा, म्हणजे २ नॅनोमीटरपेक्षा बारीक. पॅरासिटामॉलचा छोटा रेणू त्यात आरामात जातो, मोठ्या अँटिबायोटिकला तिथे अडचण होते. लाकडापासून केलेल्या कोळशात मोठी छिद्रं जास्त.

मग धुवा. कारखान्यातून आलेल्या कोळशात राख असते आणि ती अल्कधर्मी. माझ्या करवंटीच्या कोळशाचं एक चिमूट डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकलं आणि पीएच मीटर बघत बसलो, आकडा ६.२ वरून चढत चढत दहा मिनिटांत ९.४ ला जाऊन थांबला. आता वरचा पीकेए आठवा, ९.५. म्हणजे औषधाला मी काहीही न करता त्यातलं जवळजवळ अर्धं ऋणभारित झालं होतं. तिकडे नायट्रिक ॲसिडने ऑक्सिडाइझ केलेला कोळसा त्याच पाण्याला ३.८ वर घेऊन गेला. मी मात्र दोन्ही फ्लास्कवर 'न्यूट्रल पाणी' असं लेबल लावून तुलना करत होतो, आणि ती तुलना दोन पृष्ठभागांची नव्हती, दोन पीएचची होती. हा या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा खड्डा आहे. त्यामुळे पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने कोळसा धुवा, मग पाण्याचा पीएच स्थिर होईपर्यंत पाण्याने, मग ११० अंशाला रात्रभर ओव्हनमध्ये, आणि थेट डेसिकेटरमध्ये. पावसाळ्यात उघड्या बाटलीतला कोळसा वजन करता करता ओलावा ओढतो, तराजूवर आकडा सरकताना दिसतो, तेव्हा हात चालवा.

आता दोन चाचण्या. पहिली, पॉइंट ऑफ झिरो चार्ज, म्हणजे ज्या पीएचला कोळशावरचा एकूण भार शून्य असतो तो. पाणी उकळून गार करा (त्यातला कार्बन डायऑक्साइड जायला हवा), ०.०१ मोलर मिठाचं द्रावण करा, ५०-५० मिली फ्लास्कमध्ये घेऊन पीएच २ पासून १२ पर्यंत लावा, प्रत्येकात ०.१५ ग्रॅम कोळसा, बूच घट्ट, ४८ तास हलवा. शेवटचा पीएच आणि सुरुवातीचा पीएच यांचा ग्राफ काढा, दोन्ही जिथे सारखे येतात तो तुमचा आकडा. त्याच्या खाली कोळसा धनभारित, वर ऋणभारित.

दुसरी, बोम टायट्रेशन, म्हणजे पृष्ठभागावरचे आम्ल आणि अल्कधर्मी गट मोजणं. अर्धा-अर्धा ग्रॅम कोळसा चार बाटल्यांत, ०.०५ नॉर्मलचं सोडियम बायकार्बोनेट, सोडियम कार्बोनेट, सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड, प्रत्येकी ५० मिली. बायकार्बोनेट फक्त कार्बोक्सिलिक गट खातं, कार्बोनेट कार्बोक्सिलिक आणि लॅक्टोन, हायड्रॉक्साइड हे दोन्ही आणि वर फेनॉलिक. एकातून एक वजा केलं की प्रत्येकाचा हिशोब मिळतो, आणि ॲसिडची बाटली एकूण अल्कधर्मी जागा सांगते. उरलेल्या अल्कलीचं बॅक टायट्रेशन करताना आधी जास्तीचं ॲसिड घालून कार्बन डायऑक्साइड उकळून घालवा, नाहीतर एंड पॉइंट पळत राहतो. तीन-तीनदा करा, एकट्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका.

४. एकाच कोळशाचे तीन भाऊ तयार करा

पृष्ठभागाचा परिणाम बघायचा तर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे कोळसे घेऊन उपयोग नाही, छिद्रंही बदलतात, राखही बदलते. एकच धुतलेला कोळसा घ्या आणि तीन वाटे करा.

पहिला तसाच ठेवा. दुसरा नायट्रिक ॲसिडने ऑक्सिडाइझ करा, त्याने कार्बोक्सिलिक गट वाढतात. तपकिरी वाफा येतात, फ्यूम हूडशिवाय अजिबात नाही, आणि या ॲसिडच्या टाकाऊ बाटलीत मिथेनॉल किंवा ॲसिटोन चुकूनही ओतू नका, बाटली फुटू शकते. धुण्याला माझे सहा दिवस गेले. पुढे एकदा हा कोळसा अल्कधर्मी द्रावणात टाकला तर पाणी चहासारखं झालं, ऑक्सिडेशनमध्ये सुटलेले ह्युमिक ॲसिडसारखे तुकडे होते ते, आणि ते यूव्हीत २४३ ला भरपूर शोषतात. म्हणून प्रत्येक पीएचला 'कोळसा आहे पण औषध नाही' असा एक फ्लास्क ठेवाच.

तिसरा वाटा नायट्रोजनच्या प्रवाहात ९०० अंशाला तापवा. गरम होत जाताना आधी कार्बोक्सिलिक गट कार्बन डायऑक्साइड होऊन जातात, मग लॅक्टोन, आणि बऱ्याच वर गेल्यावर फेनॉलिक आणि क्विनोन कार्बन मोनॉक्साइड होऊन. उरतो तो अल्कधर्मी, पाण्याला फार जवळ न करणारा कोळसा. नायट्रोजन चालू ठेवूनच पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना भट्टी उघडली तर कोळसा पेटतो. आणि बाटली घट्ट बंद ठेवा, हवेतला ऑक्सिजन तो हळूहळू परत घेत राहतो, महिन्याभराने पॉइंट ऑफ झिरो चार्ज पुन्हा तपासा.

तिघांचीही बीईटी परत करून घ्या. ऑक्सिडेशनने काही भिंती पडतात, छिद्रांची तोंडं बुजतात, क्षेत्रफळ घटतं. मग 'दर ग्रॅमला' कमी चिकटलं याचा दोष पृष्ठभागाच्या केमिस्ट्रीला देण्याआधी 'दर चौरस मीटरला' किती ते काढून बघा.

५. कॅलिब्रेशन

प्रमाण माहीत असलेल्या द्रावणांची रीडिंग घ्या, लिटरला २ ते १४ मिलिग्रॅमचे सहा-सात बिंदू. १० मिलिग्रॅमला साधारण ०.६५ च्या आसपास ॲब्सॉर्बन्स यायला हवा, फार वेगळा आला तर वजन किंवा लॅम्प तपासा.

खड्डा इथे एकच पण खोल आहे. पॅरासिटामॉल ऋणभारित झालं की शिखर २४३ वरून २५७ ला सरकतं. पीएच ११ चं सॅम्पल तुम्ही २४३ ला वाचलं तर आकडा चुकीचाच येणार. उपाय सोपा आहे, वाचायच्या आधी प्रत्येक सॅम्पल ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये डायल्यूट करा, कॅलिब्रेशनही त्यातच करा, म्हणजे सगळी सॅम्पलं एकाच रूपात वाचली जातात.

आणि क्युव्हेट उजेडाकडे धरून बघा. कोळशाची बारीक धूळ डोळ्याला जेमतेम दिसते पण प्रकाश विखुरते. ४०० नॅनोमीटरला पॅरासिटामॉल काहीच शोषत नाही, तिथे रीडिंग शून्य नसेल तर परत गाळा.

६. कोळसा कमी घ्या, अजून कमी घ्या

सगळ्यांची पहिली चूक हीच, कोळसा जास्त टाकायचा. लिटरला १०० मिलिग्रॅमचं ५० मिली द्रावण म्हणजे एकूण ५ मिलिग्रॅम औषध, आणि त्यात २०० मिलिग्रॅम कोळसा टाकला तर प्रत्येक तापमानाला, प्रत्येक पीएचला, तिन्ही कोळशांना ९९ टक्के येतं. दिसायला छान, पण त्यातून काहीच कळत नाही, कारण जागा रिकाम्याच पडल्या आहेत आणि औषध संपलंय.

१०० मिली द्रावणात ४० मिलिग्रॅम घ्या. समजा १०० चं ३० राहिलं, तर ७० गुणिले ०.१ लिटर भागिले ०.०४ ग्रॅम, १७५ मिलिग्रॅम दर ग्रॅमला. असा आकडा बोलतो. २० ते २०० पर्यंत आठ सुरुवातीची प्रमाणं ठेवा आणि शेवटी द्रावणात २० ते ८० टक्के औषध शिल्लक राहील असं बघा.

पीएचसाठी फॉस्फेट बफर शक्यतो टाळा, त्याचे आयन स्वतःच मधे येतात. पातळ ॲसिड-अल्कलीने लावा, काही तासांनी परत मोजा, परत लावा, आणि शेवटचा पीएच वहीत लिहा. सुरुवातीच्या पीएचला रिपोर्टमध्ये फारसा अर्थ नसतो.

७. समतोल आलाय याचा पुरावा हातात असल्याशिवाय तापमानाला हात लावू नका

माझी पहिली तापमानाची मालिका मी दोन-दोन तासांची केली होती, दाणेदार कोळसा घेऊन. २५ अंशाला कमी, ३५ ला जास्त, ४५ ला आणखी जास्त. 'एंडोथर्मिक' (उष्णता घेणारं) असं लाल पेनने अधोरेखितही केलं. एका सीनियर ताईने वही बघितली आणि एकच विचारलं, चोवीस तासांनी किती होतं? तेच फ्लास्क परत लावले, ७२ तास ठेवले, तर क्रम पूर्ण उलटला, २५ ला सगळ्यात जास्त आणि ४५ ला सगळ्यात कमी.

झालं असं होतं की गरम पाण्यात रेणू भराभर सरकतात, छिद्रांच्या आत लवकर पोहोचतात. दोन तासांत मी वेग मोजत होतो, शेवटी किती चिकटणार ते नाही. शर्यतीत कोण पुढे आहे ते बघून कोणाच्या घरात किती माणसं मावतात ते सांगण्यासारखं होतं ते.

म्हणून सगळ्यात कमी तापमानाला, सगळ्यात जास्त प्रमाणाला, ५, १५, ३० मिनिटं, १, २, ४, ८, २४, ४८, ७२ तास असं घ्या. शेवटची दोन रीडिंग २ टक्क्यांच्या आत जुळली तरच तो वेळ धरा. २०० मेशच्या पावडरीला काही तास पुरतात, दाणेदारला दिवस लागतात, आणि ऑक्सिडाइझ केलेल्याला मूळ कोळशापेक्षा वेगळा वेळ लागू शकतो, तिघांचं वेगळं तपासा.

८. तापमान

२५, ३५, ४५ अंश. हॉस्पिटलच्या बाजूने करत असाल तर ३७ घाला. 'रूम टेंपरेचर' हा शब्द वहीतून काढून टाका, आमच्या विदर्भात जानेवारीत लॅब २० ला असते आणि मे महिन्यात दुपारी ४० ला टेकते, तिथे रूम टेंपरेचर म्हणजे काहीच नाही.

शेकरच्या डिस्प्लेवर जाऊ नका. एक थर्मामीटर बाथमध्ये आणि एक फ्लास्कच्या आत, म्हणून वर दोन सांगितले. माझ्याकडे डिस्प्ले ४५ दाखवायचा आणि कडेच्या फ्लास्कमध्ये ४२.५ असायचं. रात्री लाइट गेली तर बाथ गार होतो आणि सकाळी परत ४५ दाखवत उभा असतो, तुम्हाला कळतही नाही. कमाल-किमान तापमान नोंदवणारा साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा, सकाळी आल्यावर आधी तो बघा, घसरलेलं दिसलं तर ते फ्लास्क बाद करा.

द्रावण आधी त्या तापमानाला आणा आणि मगच कोळसा टाका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाळायचंही त्याच तापमानाला. ४५ चा फ्लास्क बाहेर काढून ओट्यावर ठेवलात, चहा पिऊन आलात, तोपर्यंत तो गार होतो आणि सुटलेलं औषध परत कोळशावर जाऊन बसायला लागतं. सिरिंज आणि फिल्टरसुद्धा मी बाथशेजारी गरम ठेवायचो.

कोळशाशिवायचा फ्लास्क प्रत्येक तापमानाला हवाच. पॅरासिटामॉल पीएच ५ ते ७ मध्ये टिकाऊ आहे, पण खूप आम्ल किंवा खूप अल्कधर्मी द्रावणात आणि उष्णतेत त्याचं विघटन वाढतं आणि पॅरा-अमिनोफेनॉल बनतं. तुटलेलं औषध चिकटलेल्या औषधाच्या खात्यात जायला नको.

९. आकडेमोड, जिथे चांगला डेटा वाया जातो

आधी आयसोथर्म, म्हणजे एका तापमानाला द्रावणात उरलेल्या औषधासमोर कोळशावर चिकटलेलं औषध दाखवणारा वक्र. लँगम्युअर आणि फ्रॉइंडलिश ही दोन्ही समीकरणं लावा, पण सरळ रेषेत बसवून नाही, एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये वक्र तसाच बसवा. सरळ रेषेत आणताना चुकांचं वजन बदलतं आणि आर-स्क्वेअर ०.९९९ येतो तो फसवा असतो.

मग व्हॅन्ट हॉफ. नॅचरल लॉग के (समतोल स्थिरांक) विरुद्ध १ भागिले केल्विन तापमान असा ग्राफ. इथे के ला एकक नसावं लागतं आणि इथेच सगळे घसरतात. समजा २९८ केल्विनला लँगम्युअरचा स्थिरांक ०.२६५ लिटर दर मिलिग्रॅम आला. त्याला रेणुभार १५१.१६ ने आणि १००० ने गुणा, ४०,००० च्या आसपास लिटर दर मोल, मग प्रमाण संहती १ मोल दर लिटर धरून एकक काढा. ३१८ केल्विनला हाच २५,००० झाला तर डेल्टा एच (उष्णतेतला बदल) येतो उणे १८.५ किलोज्यूल दर मोल. २९८ ला डेल्टा जी (मुक्त ऊर्जेतला बदल, उणे असेल तर प्रक्रिया आपोआप होते) उणे २६ च्या आसपास आणि डेल्टा एस (एंट्रॉपीतला, म्हणजे अव्यवस्थेतला बदल) अधिक २६ ज्यूल दर मोल दर केल्विन.

आता तोच ०.२६५ तसाच घातला तर काय होतं बघा. डेल्टा एच तोच येतो, कारण उतार बदलत नाही, पण डेल्टा जी अधिक ३.३ येतो, म्हणजे प्रक्रिया आपोआप होतच नाही, आणि समोर कोळशावर औषध चिकटलेलं दिसतंय. छापून आलेल्या आकड्यांशी तुलना करताना त्यांनी कोणतं एकक धरलं ते आधी शोधा. बाकी, सेल्सिअस घालू नका, दहाच्या पायाचा लॉग घेतला तर २.३०३ विसरू नका. तीन तापमानांच्या रेषेवरून डेल्टा एच ला दशांशानंतर तीन आकडे लिहू नका, पाच तापमानं जमत असतील तर उत्तम.

१०. निकाल वाचताना

तुम्हाला बहुधा असं दिसेल की ऑक्सिडाइझ केलेल्या कोळशाने कमी पॅरासिटामॉल घेतलं. पहिल्यांदा उलटं वाटतं, पॅरासिटामॉलला हायड्रॉक्सिल आहे, अमाइड आहे, मग ऑक्सिजनचे गट वाढले तर हायड्रोजन बंध वाढून जास्त चिकटायला हवं ना. पण फ्लास्कमध्ये औषध एकटं नाही, पाणी आहे, हजारो पटीने जास्त. कार्बोक्सिलिक गटांवर आधी पाणी गोळा होतं, पुंजके करून छिद्रांच्या तोंडाशी बसतं. शिवाय हे गट कार्बनच्या पातळ्यांमधले पाय (π) इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, आणि औषधाचं बेंझिन वलय तर त्या पातळ्यांवरच आडवं होऊन चिकटत असतं, ती पकड ढिली होते. ९०० ला तापवलेल्या कोळशात पाण्याचे अड्डे कमी आणि इलेक्ट्रॉन मोकळे, म्हणून तो सहसा पुढे.

तापमानाचं चिन्ह मात्र आधीच ठरवून बसू नका. साधारणपणे गरम केलं की चिकटलेलं सुटतं आणि पॅरासिटामॉल गरम पाण्यात जास्त विरघळतं, दोन्हींमुळे ॲडसॉर्प्शन घटतं. पण औषध बसण्याआधी तिथलं पाणी उठावं लागतं, औषधाभोवतीचं पाणीही सुटावं लागतं, त्याला उष्णता लागते, आणि तो खर्च मोठा ठरला तर एकूण प्रक्रिया एंडोथर्मिक दिसू शकते. वरच्या हिशोबात डेल्टा एस अधिक आला त्यातही मोकळ्या झालेल्या पाण्याचा वाटा असतो. म्हणून तापमानाची मालिका तिन्ही कोळशांवर, एकाच शेवटच्या पीएचला करा. एका कोळशावरची करून 'पॅरासिटामॉलचं ॲडसॉर्प्शन एक्झोथर्मिक आहे' (उष्णता सोडणारं) असं सरसकट लिहिलं तर परीक्षक विचारणारच, कोणत्या पृष्ठभागावर?

डेल्टा एच ४० किलोज्यूलच्या खाली आला म्हणून लगेच 'फिजिसॉर्प्शन' (रासायनिक बंधाशिवाय नुसतं चिकटणं) लिहून मोकळं होऊ नका. चिकटलेला कोळसा मिथेनॉलने धुऊन किती औषध परत येतं ते मोजा. फेनॉलसारखे रेणू पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे कोळशावर एकमेकांना जोडले जातात आणि मग सुटत नाहीत. परत येणारा आकडा कमी वाटला तर एक मालिका द्रावणात नायट्रोजनचे बुडबुडे सोडून, त्यातला ऑक्सिजन काढून करा, फरक लगेच दिसतो.

११. वापरलेला कोळसा

बेसिनमध्ये ओतू नका, ज्या पाण्यातून औषध काढायचं म्हणून हा खटाटोप केला त्याच पाण्यात ते परत जाईल. गाळून, वाळवून, औषधाचं नाव आणि तारीख लिहून बंद बाटलीत ठेवा आणि कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या. मात्र प्रत्येक मालिकेतला थोडा वेगळा काढून व्हायवा होईपर्यंत जपा. मला ताईने विचारल्यावर तेव्हाचे फ्लास्क अजून फेकलेले नव्हते, म्हणून ७२ तासांचं रीडिंग त्याच कोळशावर घेता आलं.